ग्रिपवरचे दोन गुडघे

गुरुवारी शाळा सुटल्यावर टिटवी आजोबांच्या दुकानात आली, ती आधी पाठमोरी दिसली. कारण ती उलटी चालत होती आणि दोन्ही हातांनी एक भली मोठी पिशवी ओढत होती. पिशवी उंबऱ्याला अडकली. टिटवीने जोर लावून हिसका दिला, पिशवी आत आली आणि टिटवी थेट जुन्या बुटांच्या ढिगात जाऊन बसली.

"या, या," आजोबा म्हणाले. "काय दुरुस्त करायचंय? पिशवी की पोरगी?"

"हळू गं बाई," पलीकडून घड्याळवाले ओरडले. "माझा एक स्क्रू उडाला! आता दिवसभर जमिनीवर रांगत शोधायचा."

दुकान एकच, पण त्यात माणसं दोन. डावीकडे आजोबा बूट-चपला दुरुस्त करायचे, उजवीकडे काचेच्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून घड्याळवाले बसायचे. दोघांत मिळून एक पंखा होता आणि त्या पंख्यावरून तीस वर्षांचं भांडण होतं. पंखा लावला की घड्याळवाल्यांचे बारीक स्क्रू उडायचे, नाही लावला की आजोबांच्या सोल्युशनचा, म्हणजे बूट चिकटवायच्या गोंदाचा, वास दोघांच्याही डोक्यात जायचा. भांडण मिटावं अशी दोघांचीही इच्छा नव्हती.

टिटवी ही आजोबांच्या मुलीची मुलगी, वय वर्षं अकरा. पप्पा मालवाहू जहाजावर नोकरीला. आई दुसऱ्या शहरात, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तिथे राहायची नीट सोय होईपर्यंत हे वर्ष टिटवीने आजोबांकडे राहून शाळा करायची असं ठरलेलं. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं. घरात टिटवी हेच नाव, कारण एकदा बोलायला लागली की पाणवठ्यावरच्या टिटवीसारखी थांबायचीच नाही.

आज मात्र ती गप्प होती. तिने पिशवीची चेन उघडली. आत गुंडाळी करून ठेवलेला तिचा पॅडलबोर्ड होता. हवा भरली की त्याची दहा फुटांची टणक फळी व्हायची. तिच्यावर उभं राहायचं आणि लांब वल्ह्याने पाणी मागे सारत तलावात हिंडायचं. पाय घसरू नयेत म्हणून फळीच्या पाठीवर मऊ फोमचा, खाचाखाचांचा थर चिकटवलेला असतो. तलावावर सगळे त्याला ग्रिप म्हणत. ती ग्रिप डाव्या कडेला हातभर सुटली होती आणि दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी बाहेर लोंबत होती.

"आजोबा," टिटवी म्हणाली, "हे रविवारपर्यंत होणार नाही ना?"

आजोबांनी हातातला बूट खाली ठेवला. चाळीस वर्षांत हजारो लोकांनी त्यांना "होईल ना?" असं विचारलं होतं. लग्नाला जायचंय, मुलाखतीला जायचंय, होईल ना? "होणार नाही ना?" असं आशेने विचारणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

रविवारी काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. रविवारी आई येणार होती, टिटवीला बोर्डवर उभी राहिलेली बघायला. गेला दीड महिना फोनवर दुसरा विषयच नव्हता. माझी पोरगी पाण्यावर उभी राहते, असं आईने लॅबमध्ये एकूण एक माणसाला सांगितलं होतं, पप्पांना जहाजावर कळवलं होतं. सुट्टीचा अर्ज करून, पहाटेची बस पकडून ती येणार होती.

"आधी बघू तरी," आजोबा म्हणाले. "हवा भर."

हवा भरलेला बोर्ड दुकानात मावेना. तिरका ठेवून पाहिला, उभा ठेवून पाहिला. शेवटी शेपटी दुकानात आणि नाक बाहेर फुटपाथवर, असा तो दोन स्टुलांवर विसावला. येणारे-जाणारे वळसा घालून जाऊ लागले. एकाने विचारलं, "हा कोणाचा बूट?"

"आहे एका गिऱ्हाइकाचा," आजोबा म्हणाले. "दुसऱ्या पायाचा उद्या येणार आहे."

टिटवी एवढ्यावरही हसली नाही. मग आजोबांनी चष्मा पुसला आणि ग्रिपवर वाकले.

टिटवी लहान असताना त्यांनी तिला एक खेळ शिकवला होता. दुरुस्तीला आलेला बूट हातात घ्यायचा आणि नुसता तळ बघून माणूस ओळखायचा. टाचेची बाहेरची कड झिजली असेल तर माणूस फेंगडा चालतो. एकच टाच झिजली असेल तर एकाच खांद्यावर जड पिशवी नेतो. चवड्याखाली खोलगट झालं असेल तर दिवसभर उभ्याने वाकून काम करतो. झीज खोटं बोलत नाही, माणूस बोलला तरी. टिटवी या खेळात इतकी तरबेज झाली होती, की गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची, "काका, तुम्ही बसल्या बसल्या पाय हलवता ना?"

तीच नजर आता आजोबांनी ग्रिपवर फिरवली. बोर्डच्या मध्यावर उचलायला एक मूठ होती. उभं राहणारा माणूस त्या मुठीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल ठेवतो. तिथल्या खाचा नव्या कोऱ्या होत्या, बोट लावलं तर कड टोचावी अशा. पण त्याच्या वीतभर मागे, एकमेकांजवळ, दोन गोल गुळगुळीत झाले होते. वाटीएवढे दोन गोल. आणि त्यांच्या मागे, पायाची बोटं टेकतात तिथे, दोन लहान घासलेले डाग.

गुडघे. दीड महिना नुसते गुडघे.

आजोबांनी आता सुटलेली कड पाहिली. त्या दोन गोलांवर गुडघे टेकून बसलं, तर डावा हात जिथवर पोहोचेल तिथेच ती सुटली होती. कडेवर उंदराने कुरतडल्यासारख्या खुणा होत्या. नखांच्या बारीक चंद्रकोरी. भीती वाटली की टिटवी काहीतरी खुडत बसते, हे त्यांना तिच्या वह्यांच्या कोपऱ्यांवरून माहीत होतं.

त्यांनी मान वर केली. टिटवी त्यांच्याकडेच बघत होती. तिने पटकन पंख्याकडे पाहिलं.

 आजोबांनी कड उचलली आणि खालचा भाग पाहिला. तिथे काचेसारखा कडक, पांढुरका थर होता.

"हे कोणी चिकटवलं?"

"मी," टिटवी म्हणाली. "मागच्या रविवारी. आधी थोडंसंच निघालं होतं. मग मी तो झटपट चिकटणारा गोंद लावला. एका मिनिटात चिकटलं पण."

"हवा भरून लावलास?"

"हवा भरल्यावर बोर्ड खोलीत मावत नाही. जमिनीवर पसरला आणि चिकटवलं. तलावावर जाऊन हवा भरली तर टर्रकन सगळंच उघडलं."

आजोबांनी मागच्या फळीवरून एक बूट काढला. त्याच्या आत लाकडाचा पाय ठासून बसवलेला होता. "हे काय आहे?"

"फरमा."

"तळ चिकटवताना तो आत कशाला घालायचा?"

"बूट पाय घातल्यासारखा भरलेला राहावा म्हणून. रिकाम्या बुटाला तळ लावला तर..." टिटवी थांबली. "पाय घातल्यावर निघतो."

"झालं तर मग! हवा हा या बोर्डचा फरमा. रिकाम्यावर चिकटवलंस, मग तो फुगला आणि ग्रिप आहे तेवढीच राहिली. बिचारी करणार काय?"

ते कामाला लागले. रापी, म्हणजे त्यांची चामडं कापायची धारदार सुरी, त्यांनी मुद्दाम उचलून वरच्या फळीवर ठेवून दिली. हवा भरलेल्या वस्तूजवळ तिचं काम नव्हतं. गरम हवेच्या यंत्राने त्यांनी जुना गोंद जरा जरा शेकला आणि लाकडाच्या बोथट पट्टीने खरवडायला घेतला. झटपट लावलेला गोंद निघायला मात्र चांगलाच हट्टी होता. टिटवी स्पिरिटचा बोळा घेऊन मागोमाग पुसत राहिली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आजोबा, आईला सांगा ना, पुढच्या रविवारी ये म्हणून."

"का बरं?"

"काम झालं नाही म्हणून."

"काम तर शनिवारपर्यंत होईल."

"तुम्ही नाही का सगळ्यांना सांगत, उद्या या, उद्या या? त्या उंच टाचांच्या बाई तर चार वेळा येऊन गेल्या. बूट तेव्हा खाली झाकून ठेवलेले होते, मी बघितलंय. मग आईलाही तसंच सांगायचं."

घड्याळवाल्यांचा चिमटा हवेतच थांबला. "संपलात बूटवाले," ते म्हणाले. "घरचाच साक्षीदार फुटला."

आजोबा कानकोंडे झाले. पोरगी म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिची मागणी त्यांना अवघडही नव्हती. टिटवीची आई त्यांच्या शब्दावर लगेच विश्वास ठेवेल. बाबा म्हणतात नाही झालं, म्हणजे नाही झालं. या पोरीला एक आठवडा मिळेल. मग दुसरा मागता येईल. डोळ्यांसमोर तिचा सुटकेचा श्वासही त्यांना दिसला, आणि तो बघायचा मोह त्यांना झाला. पण उंच टाचांच्या बाईंना चार वेळा परत पाठवून त्यांचे बूट काही आपोआप शिवले गेले नव्हते. शेवटी पाचव्या दिवशी मान खाली घालून शिवायला बसावंच लागलं होतं.

"आधी हे नीट साफ तर होऊ दे," ते म्हणाले. "चिकटवायचं नंतर. उद्या ये."

बोलून गेल्यावर काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. घड्याळवाले भिंगामागून इतके हसले, की त्यांना दुसराही स्क्रू शोधावा लागला.

शुक्रवारी टिटवी आली तेव्हा बोर्ड पुन्हा हवा भरून तयार होता. आजोबांनी दोन्ही पृष्ठभागांवरून पॉलिशपेपर हलकेच फिरवला, धूळ पुसली आणि सोल्युशनचा डबा उघडला. पिवळसर, मधासारखी तार येणारं ते सोल्युशन त्यांनी बोर्डला लावलं. दुसरा ब्रश टिटवीला दिला.

"ग्रिपच्या खालच्या बाजूला तू लाव. पातळ. कडेपर्यंत, पण कडेबाहेर नाही."

टिटवीने जीभ दातांत धरून लावलं. लावून झाल्यावर ती ग्रिप दाबायला निघाली, तर आजोबांनी तिचं मनगट धरलं.

"आता पंधरा मिनिटं काही करायचं नाही."

"वाळून जाईल ना!"

"वाळलंच पाहिजे. याचं सगळं उलटं असतं. बोटाची मागची बाजू लावून बघ. चिकटतंय?"

"हो."

"मग अजून तयार नाही. बोटाला चिकटणं थांबलं, की एकमेकांना चिकटतं. ओलं असताना दाबलंस तर आत वाफ कोंडते, फोड येतात."

त्यांनी पंखा लावला. घड्याळवाल्यांनी निमूटपणे आपल्या पेटीवर झाकण ठेवलं. आजोबा आणि टिटवी फुटपाथवरच्या पायरीवर बसले. हात चिकट होते, त्यामुळे कशालाही हात लावायची सोय नव्हती. सोल्युशन वाळेपर्यंत पायरीवर बसलेल्या गिऱ्हाइकांनी आजोबांना आजवर काय काय सांगितलं होतं. हातांना काम नसलं की माणसं बोलतात. त्यांनी विचारलं मात्र कधीच नव्हतं.

"तुम्हाला दिसलं ना?" टिटवी एकदम म्हणाली.

"काय?"

"काय ते तुम्हाला माहितीये. काल. ग्रिपवर."

"दिसलं."

"मग विचारलं का नाही?"

"बूट विचारल्याशिवाय सांगतो. माणसाला विचारलं, की माणूस पाय मागे घेतो."

टिटवीने पाय खरंच मागे घेतले होते. ते तिने पुन्हा पुढे केले. "मी एकदाही उभी राहिले नाहीये," ती म्हणाली. "गुडघा उचलला की बोर्ड असा डुगडुगतो, आणि मी परत खाली बसते. तलावावर शिकवणाऱ्या बाई म्हणतात लांब बघ. मला पायाकडेच बघावंसं वाटतं."

"आणि आईला का सांगितलंस?"

"मी नाही सांगितलं! म्हणजे सांगितलं. पण ते नाही सांगितलं."

"आता नीट सांग, मी म्हातारा माणूस आहे."

"आमच्या वर्गात वर्गप्रतिनिधीची निवडणूक होती," टिटवी म्हणाली. "मी उभी राहिले होते. भाषण पण केलं. मला चार मतं पडली. एक माझंच. एक माझ्या बाकावरचीचं. उरलेली दोन कोणाची ते अजून कळलं नाही. त्या दिवशी आईचा फोन आला. खरखर येत होती. मी म्हटलं, आई, मी उभी राहिले. तर ती ओरडलीच. खरंच? मग? मी म्हटलं, मग काय, पडले. ती म्हणाली, पडू दे गं! पडायलाच तर मजा येते! मला कळेना ही असं का बोलतेय. मग ती म्हणाली, केस पुसलेस ना?"

काचेच्या पेटीमागून एक चमत्कारिक आवाज आला. घड्याळवाले तोंडावर रुमाल दाबून बसले होते.

"घड्याळकाका, हसू नका!"

"मी कुठे हसतोय? मला सोल्युशनचा वास चढलाय."

आजोबांच्याही ओठांशी हसू आलं होतं, पण टिटवीचं पुढचं वाक्य ऐकून ते विरलं.

"मला त्या दिवशी खरं तर रडायचं होतं," टिटवी चिकट बोटं उघडत-मिटत म्हणाली. "पण आई इतकी खूश झाली होती ना. शाबास, शाबास म्हणाली. मग मला वाटलं, असू दे. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना सांगूनच टाकलं होतं."

आजोबा समोरच्या फुटपाथकडे बघत राहिले. तो दिवस त्यांना आठवत होता. नीट आठवत होता, कारण त्या दिवशी एका नाचाच्या वर्गाच्या बावीस जोड्या दुरुस्तीला आल्या होत्या. टिटवी आली, दप्तर ठेवलं. त्यांनी मान वर न करता विचारलं होतं, "शाळा कशी झाली?" ती म्हणाली होती, "ठीक." बावीस जोड्यांचे तळ त्यांनी निरखून पाहिले होते. घरच्या माणसाचं तोंड पाहायचं राहून गेलं होतं.

"भाषणात काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

टिटवीने चमकून पाहिलं. "तुम्हाला कशाला?"

"मला मत द्यायचं असतं तर ऐकावं लागलंच असतं ना."

"मी म्हटलं, खिडकीजवळच्या बाकांवर सगळ्यांना पाळीपाळीने बसू देणार." ती जरा थांबली. "खिडकीजवळ बसणाऱ्यांना ते आवडलं नाही."

"नाही आवडणार," आजोबा गंभीरपणे म्हणाले. "पण मुद्दा बरोबर होता. बोट लावून बघ आता."

टिटवीने बोट लावलं. चिकटलं नाही.

पुढचं काम नाजूक होतं. एकदा टेकलं की हलवायची सोय नाही. आजोबांनी मध्ये गुळगुळीत कागद सरकवला, ग्रिप त्यावर नीट जागेवर बसवली आणि मग टिटवीला कागद आतल्या बाजूने बोटबोट बाहेर ओढायला सांगितलं. कागद जसा निघत गेला तशी ग्रिप खाली बसत गेली. मागोमाग आजोबा काचेची बाटली लाटण्यासारखी फिरवत गेले, आतून कडेकडे. शेवटी कडेवर एक फळी ठेवली आणि तिच्यावर वजनाला दुकानातले सगळे फरमे मांडले. लोखंडी, लाकडी, बायकांचे, पुरुषांचे, लहान मुलांचे. एका ओळीत चौदा पाय.

घड्याळवाले उठून बघायला आले. "वा! टिटवे, तुझ्या बोर्डवर अख्खं गाव उभं राहिलं की! तू सोडून."

बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. आजोबांनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण टिटवी त्या चौदा पायांकडे बघत होती, आणि बघता बघता तिला हसू फुटलं. कालपासूनचं पहिलंच.

"त्यांना काय जातंय," ती म्हणाली. "त्यांना गुडघेच नाहीत!"

निघताना मात्र तिने आजोबांची बाही धरली. "तुम्ही सांगा ना आईला. तुम्ही सांगितलं तर ती रागावणार नाही."

"मी नाही सांगणार."

"मग काम झालं नाही असं तरी सांगा."

"तेही नाही सांगणार. झालंय की काम." आजोबा खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आले. "सोल्युशन दोन्ही बाजूंना का लावलं आपण?"

"एका बाजूला लावलं तर धरत नाही."

"तसं नाही, धरतं. गुंडाळून पिशवीत भरेपर्यंत धरतं. मी आईशी बोललो, तर ती एकच बाजू झाली. तुझी बाजू तुलाच लावावी लागेल. मी तलावावर येईन, बाकावर बसेन. हलणार नाही तिथून, हे नक्की."

"उद्या या म्हणून पळून तर नाही ना जाणार?"

"नाही," आजोबा म्हणाले. "शपथ."

रविवारी सकाळी तलावावर ऊन कोवळं होतं आणि वारा जवळजवळ नव्हताच. आई बसमधून उतरून थेट तिथे आली. खांद्यावर मोठा टॉवेल, हातात फोन, डोक्यावर खास या दिवसासाठी घेतलेली टोपी. आल्या आल्या तिने टिटवीला इतकं घट्ट धरलं की टोपी पडली. मग बोर्डवरून हात फिरवला.

"बाबा, कुठे निघालं होतं? कळतसुद्धा नाही."

"कळायला नकोच," आजोबा म्हणाले आणि ठरल्याप्रमाणे बाकावर जाऊन बसले.

आईने शेजारी वल्हं बांधत बसलेल्या अनोळखी बाईंनाही सांगून टाकलं, "माझी मुलगी उभी राहते." मग फोन सरसावून ती काठावरच्या पायरीवर उभी राहिली. टिटवी गुडघाभर पाण्यात बोर्ड घेऊन गेली. वर चढली. त्या दोन गुळगुळीत गोलांवर तिचे गुडघे आपोआप जाऊन बसले.

"चल, ऊठ!" आई म्हणाली. "मी चालू केलाय हं व्हिडिओ!"

बाकावरून आजोबा फक्त तिच्या डाव्या हाताकडे बघत होते. तो हात नेहमीच्या वाटेने कडेकडे गेला. नख कड शोधू लागलं. पुढे गेलं, मागे आलं, परत पुढे गेलं. खुडायला काही सापडेना. कड बोर्डशी एकजीव झाली होती. हात थोडा वेळ तिथेच राहिला, मग उचलला गेला आणि मांडीवर आला.

"आई," टिटवी म्हणाली, "फोन खाली ठेव."

"का गं?"

"मी उभी राहिले होते ना, ते यावर नाही. ते वर्गात. निवडणुकीत. आणि पडले ते पण तिथेच. यावर मी कधीच उभी राहिले नाहीये."

आईचा हात खाली आला. फोन अजून चालूच होता, तो आता तिच्या चपलांचा व्हिडिओ काढत होता. "पण दीड महिना?" ती म्हणाली. "दीड महिना तू मला रोज... मी पप्पांना कळवलं. लॅबमध्ये सगळ्यांना चहा पाजला." ती ओल्या पायरीवर तशीच खाली बसली. तिचा आवाज रागाचा नव्हता, दुखावल्याचा होता, आणि तो ऐकायला रागापेक्षा कठीण होता. टिटवी बोर्डवर खाली मान घालून राहिली.

आजोबांना उठून त्या दोघींकडे जावंसं वाटलं. दोन वाक्यांत त्यांनी सगळं सारवून घेतलं असतं. त्यांनी वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाची.

"थांब," आई हळूच म्हणाली. तिच्या डोक्यात तो फोन पुन्हा वाजत असावा. "म्हणजे त्या दिवशी तू मला सांगत होतीस की तू हरलीस?"

"हो."

"आणि मी म्हटलं पडू दे, पडायलाच मजा येते?"

"हो."

"आणि केस पुसायला सांगितले?"

"हो."

आईने तोंडावर हात ठेवला. आधी हसू आलं, मग त्यातच डोळे भरले. ती चपला, टोपी, टॉवेल सगळं पायरीवर टाकून पाण्यात उतरली आणि बोर्डपाशी जाऊन उभी राहिली. पँट गुडघ्यांपर्यंत भिजली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"कोणाच्या विरुद्ध उभी होतीस?" तिने विचारलं. "सगळं सांग. पहिल्यापासून. किती मतं मिळाली?"

"चार."

"चार! कोणाकोणाची?"

मग टिटवी जी बोलायला लागली ती थांबेना. खिडकीजवळचे बाक, भाषणात विसरलेली ओळ, जिंकलेल्या मुलाने वाटलेल्या पेन्सिली, ती दोन बेपत्ता मतं. टिटवीला घेऊन बोर्ड हळूहळू गोल फिरत होता. आजोबांनी बाकावर पाय लांब केले. बोर्ड फिरता फिरता जेव्हा जेव्हा डावी कड त्यांच्याकडे यायची, तेव्हा तेवढ्यापुरते ते चष्मा सावरून बघत. कड जागेवर होती.

शेवटी आईला पुढे बसवून टिटवीने तलावाची एक फेरी मारली. गुडघ्यांवर. आई कडा घट्ट धरून बसली होती आणि प्रत्येक हेलकाव्याला किंचाळत होती. टिटवी तिला मागून सांगत होती, "लांब बघ, आई. पाण्याकडे नको, लांब बघ."

बुधवारी दुकानात फोन वाजला तेव्हा आजोबांचे हात सोल्युशनने भरले होते. घड्याळवाल्यांनी फोन उचलून टिटवीला दिला. ती नुकतीच तलावावरून आली होती.

"काय गं," आईचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. "आज उभी राहिलीस का?"

"कशात?" टिटवीने विचारलं.

पलीकडे आई खो खो हसली. "पाण्यात गं, पाण्यात."

"अर्धी. एक पाय ठेवला, एक गुडघा राहिला."

"मग?"

"मग काय, पडले. पूर्ण."

"केस पुसलेस ना?"

टिटवीने केसांना हात लावला. टप टप पाणी घड्याळवाल्यांच्या काचेवर पडत होतं आणि ते पेटी ओढून घेत काहीतरी पुटपुटत होते. आजोबांनी कोपराने फडकं तिच्याकडे ढकललं.

"पुसतेय," ती म्हणाली.